एवढंच की

"ताई, तुझ्या या फाइलमध्ये फक्त चांगल्याच बातम्या येतात," आंबेले म्हणाला, आणि तौसीचा चमचा भातात उभाच राहिला. दुपारची जेवणं चालली होती. शहरातल्या सिंझा वस्तीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात सकाळपासून वीज नव्हती. खालच्या न्हाव्याचा जनरेटर खिडकीतून आपली कटकट आत सोडत होता. कोपऱ्यावरच्या बाईकडून आणलेला भात आणि नारळात शिजवलेले घेवडे डब्यातच निवले होते. आंबेलेनं तिचा लॅपटॉप न विचारताच आपल्याकडे ओढून घेतलेला. एका हाताने जेवायचं आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं, ही त्याची जुनी खोड. तो म्बेयाकडचा, डोंगरातला, अंगानं भरलेला, घरी बायको-मुलं असलेला सुखी माणूस. सुखी माणसांना दुसऱ्याची चूक चटकन सापडते, असं तौसीचं मत होतं.

"हे तू लिहिलंयस?"

"हो. का?"

"देवाला भिऊन लिहिलंस की मालकाला?"

"जेव ना गुपचूप."

"अगं बघ तरी. आपलं बिल्डचं यंत्र दोन तोंडांनी बोलतं. एका तोंडानं काय काय केलं ते सांगतं, दुसऱ्यानं काय काय बिघडलं ते. तू पहिल्या तोंडाखाली परात धरलीयस. दुसऱ्याखाली काहीच नाही. तिकडचं सगळं जमिनीवर सांडतंय." त्याने मिरचीचा तुकडा तोडला. "तुम्ही किनाऱ्याची माणसं असलीच. घरात मढं पडलेलं असू दे, दारात कुणी विचारलं की खबर चांगलीच."

ती हसली. किनाऱ्यावरच्या माणसांवर हा विनोद सगळेच करतात, आणि किनाऱ्यावरची माणसं त्याला हसतात. पण हसू अर्ध्यावर थांबलं. तिने वाकून आपलीच ओळ वाचली. एवढीशी ओळ. यंत्र जे बोलेल ते पडद्यावर न दाखवता फाइलमध्ये लिहून ठेव, इतकंच तिच्यात सांगितलेलं. पण यंत्राच्या बोलण्याच्या दोन वाटा असतात आणि तिने एकच वळवली होती. कॉलेजातल्या पोरालाही हे ठाऊक असतं. तिलाही ठाऊक होतं. नवीन नवीन नोकरी लागली तेव्हा ती बिल्ड, म्हणजे अ‍ॅप बांधून तयार करायचं काम, हाताने चालवायची, समोर बसून. तक्रारी डोळ्यांसमोर पडद्यावर यायच्या, त्या फाइलमध्ये कशाला, असा तेव्हाचा हिशेब. मग ते काम सर्व्हरवर गेलं. मागच्या खोलीत, जिथे पडदा नाही की खुर्ची नाही की माणूस नाही, तिथे यंत्र रोज आपोआप सुरू व्हायचं, काम करायचं, कुरकुरायचं आणि गप्प व्हायचं. ती कुरकुर त्या रिकाम्या खोलीतच विरून जायची. फाइल मात्र रोज स्वच्छ. हे झालं, ते झालं, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत, यशस्वी.

आज सकाळीच तिने ती फाइल वरपासून खालपर्यंत वाचली होती. रुफिजी नदीकडच्या गावांतल्या नर्सबायांचे फोन येत होते, की लहान पोरांच्या लशींच्या तारखा दाखवणारं अ‍ॅप उघडलं की पांढरं पान दिसतं, दुसरं काही दिसत नाही. एक बाई तर फोनवर रडकुंडीला आली होती. म्हणाली, आयांची रांग लागलीय आणि मी पांढऱ्या पानाकडे बघत बसलेय. तौसीने फाइल वाचली, काही सापडलं नाही, आणि तिने छातीठोकपणे सगळ्यांना सांगून टाकलं की आमच्याकडे सगळं ठीक आहे, फोनच जुने असतील त्या बायांचे. खोटं बोलली नव्हती ती. तिच्यापर्यंत जे आलं होतं त्यात सगळं ठीकच होतं.

किनाऱ्यावरची माणसं असलीच. आंबेले आता पुढचं काही बोलत होता, घेवड्यात मीठ कमी आहे की काय, पण तौसीच्या कानात तेच वाक्य बसलं होतं. आई गेली तेव्हा ती होस्टेलवर होती. गावाहून, किल्व्याहून, मामांचा फोन आला. शिकामू मामा, म्हणून तिने वाकून नमस्कार करावा तसा आवाज वाकवला. मराहबा, म्हणाले. काय खबर मामा? चांगली. घरची? चांगली. समुद्र? चांगला आहे, मासळी मिळतेय. शेजारी? बरे आहेत सगळे. आणि मग मामा थोडे थांबले, घसा साफ केला आणि म्हणाले, एवढंच की तुझ्या आईला काल दुपारी आम्ही माती दिली. तिच्या खोलीतली, समुद्रापासून लांबच्या डोडोमाची मुलगी नंतर कितीतरी दिवस हे सांगून सांगून लोकांना हसवायची आणि मग ओशाळायची. त्या मुलीला कळायचं नाही. वाईट बातमी कुणाच्या अंगावर अशी फेकायची नसते. आधी पायाखालची जमीन आहे ना, ते दोघांनी मिळून चाचपून बघायचं. घर उभं आहे, समुद्र जागेवर आहे, शेजारी जिवंत आहेत. मग हळूच खाली ठेवायचं, एवढंच की. आणि विचारणाऱ्यानं तोवर थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं. लहानपणी तौसी कुणा म्हातारीला खबर विचारून, चांगली असं ऐकून खेळायला पळाली, तर आईने कान धरून तिला परत आणलं होतं. विचारलीस ना खबर? मग उभी राहा. तिचं संपेपर्यंत उभी राहा. म्हातारीचं संपायला खूप वेळ लागला. तिच्या गुडघ्यांपासून सुरू झालं होतं आणि कुठल्याशा बुडालेल्या होडीपर्यंत गेलं. तौसी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी होती.

मागच्या शुक्रवारी बाबा म्हणाले होते, "चांगली. सगळं चांगलं. एवढंच की—"

आणि त्याच वेळी आतून कुणीतरी मीटिंगसाठी हाक मारली. नंतर करते हं बाबा, असं म्हणून तिने फोन ठेवला होता. नंतर म्हणजे कधी, ते म्हणाले नाहीत. तिनेही केला नाही. केला नाही म्हणजे काही मुद्दाम नव्हे. मीटिंग लांबली, मग घरी जाताना गाडीत उभं राहावं लागलं, मग शनिवार आला. त्या दोन शब्दांपुढे काय होतं ते तिला आज, आत्ता, या निवलेल्या भातासमोर पहिल्यांदा जाणून घ्यावंसं वाटलं. किल्वा किविंजेच्या त्या घरात बाबा एकटे. आई नाही, भाऊ लहानपणीच गेलेला, मामाही गेले. एका भिंतीपलीकडे शेजारीण शामते, ती निम्मा वेळ लेकीकडे लिंडीला. ते सहज बोलणारे नव्हेत. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशीच सगळी रीत त्यांची. त्या मुठीचं एक बोट त्यांनी शुक्रवारी उघडलं होतं आणि तिने ते परत मिटवलं होतं.

"काय झालं?" आंबेलेने विचारलं.

"काही नाही. परात घालते दुसऱ्या तोंडाखाली."

तिने ओळ दुरुस्त केली. दोन्ही वाटा एकाच फाइलमध्ये वळवल्या, म्हणजे केलेलं आणि बिघडलेलं जसं घडलं तसं एकाखाली एक येईल. बॅटरी पुरेल असा अंदाज घेऊन आपल्याच लॅपटॉपवर बिल्ड चालवलं आणि फाइल उघडली. तिला ओळखता येईना. इतकी वर्षं जी फाइल ती चहा पिता पिता वाचत होती तिच्यात जागोजागी दुसराच कुणीतरी बोलत होता. बारीक आवाजात, न चिडता. ही पद्धत जुनी झाली आहे, पुढे कधीतरी बंद होईल. ही जागा रिकामी आहे, रिकामी ठेवायची होती का? ही पद्धत जुनी झाली आहे. ही पद्धत जुनी झाली आहे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा त्याला कंटाळा कसा आला नाही, याचं तिला नवल वाटलं. रोज सांगत होता तो. तिने रोज सकाळी यशस्वी हा शब्द बघून फाइल बंद केली होती.

लॉग, म्हणजे यंत्राची अशी नोंदवही, वाचायची एक रीत असते. शेवटचा आरडाओरडा धरून बसायचं नाही. खालून वर चढत जायचं, कारण खालच्या तक्रारी बहुतेक वरच्या तक्रारींची पोरंबाळं असतात. चढत चढत अशा जागी पोचायचं की जिच्या वर तक्रारच नाही. तिच्या लगेच खालची तक्रार, ती खरी. तौसी चढत गेली. ती सापडली, अगदी वर, साधीशी. किस्वाहिली शब्दांची फाइल सापडली नाही. तिच्यावाचून पुढे जात आहे. कुणीतरी एका फोल्डरचं नाव बदललं होतं. यंत्राने शोधलं, सापडलं नाही, सांगितलं, आणि कुणी काही म्हणत नाही असं बघून ते पुढे गेलं. शब्दच नाहीत तर पान पांढरं दिसणार नाही तर काय.

दुरुस्तीला वेळ लागला नाही. आंबेलेने ती पुढे पाठवायची जबाबदारी घेतली, वर डबाही धुतो म्हणाला. तौसी लॅपटॉप मिटून तशीच बसून राहिली. डोकं अजून चढतच होतं. दुसऱ्याच एका फाइलमध्ये चढत होतं, जी कुणी लिहून ठेवली नव्हती. शुक्रवारचं एवढंच की, ही शेवटची ओळ. तिच्या वरची ओळ ईदेची. ईदेला ती दीड दिवस गेली होती. बाबांनी दारातच तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता, कपाळावरून, गालांवरून बोटं फिरवली होती, आणि तिला भरून आलं होतं, की म्हातारपणी बाबा मायाळू झाले. चहा ओतताना त्यांनी पेल्यात बोट बुडवलं. भाजेल की हो, ती म्हणाली. गरम आहे का बघतो, ते म्हणाले, आणि दोघंही हसले होते. तिच्या वर, म्हणजे त्याआधी, गोळ्यांचं पाकीट. हल्ली अक्षरं फार बारीक काढतात, वाच जरा. तिने वाचलं होतं, मोठ्याने आणि घाईने. त्याच्याही वर, फोनवरचं ते 'कोण?' पूर्वी तिचं नाव बघून ते फोन उचलता उचलताच तौसी म्हणायचे, शिकामू म्हणायलाही फुरसत द्यायचे नाहीत. मग कधीतरी कोण म्हणायला लागले. आणि त्याच्याही वर? तिथे तिला काही सापडेना. मग आठवलं, की बाबा एक रिंग देऊन फोन ठेवायचे. सगळेच ठेवतात, ज्याच्या फोनमध्ये पैसे कमी त्याने एक रिंग द्यायची, दुसऱ्याने उलट फोन करायचा. शुक्रवारची नमाज झाली की बाबांची रिंग यायची, ठरलेली. ती यायची बंद झाली. तौसीने तेव्हा काय विचार केला होता तेही तिला आठवलं. बरं झालं, असा. बाबांचं आता आपल्यावाचून अडत नाही, असा. वर शुक्रवारी आपणहून फोन करायला लागल्याबद्दल स्वतःची पाठही थोपटली होती.

ज्याला आकडे दिसत नाहीत तो रिंग कशी देणार?

ती उठली. गच्चीवर गेली. तिथे पाण्याच्या काळ्या टाकीची तेवढी सावली होती. दूरवर ऊन इतकं होतं की पत्र्यांकडे बघवत नव्हतं. बाबांचे डोळे, ती म्हणत राहिली, बाबांचे डोळे. रुफिजीवर पूल नव्हता तेव्हा गाड्या तराफ्यावरून पलीकडे न्यायचे, आणि बाबा त्या तराफ्यावर कामाला होते. पलीकडच्या तीरावर धुळीचा लोट दिसला की इकडून सांगायचे, हा नंगुरुकुरूचा काजूवाला ट्रक, ड्रायव्हर झोपेला आलाय, याला शेवटी चढवा. लहानपणी ती त्यांच्या खांद्यावर बसून डोळे ताणायची आणि तिला नुसतं पाणी दिसायचं. पूल झाला, तराफा गेला, बाबा घरी बसले, तरी संध्याकाळी खाजणाकडे तोंड करून लांबचं काहीतरी बघत बसायचे. त्या माणसाला पेल्यातला चहा दिसत नाही. आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं ते तिलाच, आणि ती थांबत नव्हती.

पण तिने तरी कुठे काय सांगितलं होतं? नवरा म्वान्झाला निघून गेला त्याला एक पावसाळा उलटला. तिथे त्याचं दुसरं घर आहे असं लोक म्हणतात; तिने चौकशी केली नाही. सिंझातल्या खोलीत ती एकटी राहते, एका माणसाचं कालवण नीट होत नाही म्हणून बहुतेक रोज बाहेरून आणते, आणि जिन्यात भेटणाऱ्या सगळ्या बाया तिला खबर विचारतात आणि ती चांगली म्हणते आणि त्या वर निघून जातात. कधी कधी ती एक पायरी जास्त उभी राहते. बाबा दर शुक्रवारी विचारतात, जावई बरा? ती म्हणते, बरा आहे. खरं तर तोही बराच असेल.

पहिल्यांदा फोन लागलाच नाही. तुम्ही संपर्क करू इच्छिता ते ग्राहक, असं म्हणणारी बाई बोलली. दुसऱ्यांदाही तीच बोलली. तौसीने टाकीला पाठ टेकवली. टाकी गरम होती. तिसऱ्यांदा रिंग गेली, बराच वेळ जात राहिली, आणि मग काहीतरी खरडल्यासारखा आवाज आला.

"कोण?"

"मी, तौसी. शिकामू, बाबा."

"मराहबा. आज शुक्रवार आहे का?"

"नाही. सहज केला. काय खबर?"

"चांगली."

"घरची?"

"चांगली. तुझी?"

"चांगली."

"कामाची?"

"चांगली. शेजारी?"

"शामते लिंडीला गेलीय लेकीकडे. बरी आहे. जावई?"

"बरा आहे. समुद्र?"

"आहे की. जाईल कुठं?"

ती थांबली. आईने कान धरल्यासारखी थांबली. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकलवाल्याशी हुज्जत घालत होतं. फोनमधून बाबांचा श्वास आला.

"आणि?" तिने विचारलं.

"आणि काय? झालं."

"शुक्रवारी तुम्ही काहीतरी सांगत होता. एवढंच की, म्हणालात."

"मी?"

"हो."

"असेल. पत्रा गळत होता, तेच असेल. पाऊस थांबला, गळायचा थांबला." ते हसले. "तुझं ऊन कसं आहे तिकडं?"

"बाबा, डोळे कसे आहेत तुमचे?"

"आहेत जागच्या जागी. वय झालं की जरा इकडं तिकडं व्हायचंच. काय उलटतपासणी लावलीस? ठेव आता, तुझे पैसे जातात."

तिला कळलं की असं विचारून काही व्हायचं नाही. समोरून विचारलं की पहिलंच तोंड उत्तर देणार. आणि तिने असंही मनाशी कबूल केलं, की त्यांनी सांगितलं नाही म्हणून आत कुठेतरी तिला जरा सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याची तिला लाज वाटली.

"ठेवते बाबा."

"अल्लाच्या हवाली, पोरी."

हल्ली फोन तीच बंद करायची. बाबांचं बोट त्या बटणावर पडायचं नाही. तिने बंद केलं की झालं. तिचा अंगठा लाल खुणेवर गेला आणि तिथेच राहिला. तिकडे फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. बहुधा स्टुलावर, दाराशेजारच्या. तिने अंगठा उचलून घेतला.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग पाय. ती चाल तिच्या ओळखीची नव्हती. पाय उचलत नव्हते, फरशीवरून सरकत होते, आणि त्यांच्याबरोबर भिंतीवरून कोरडं काहीतरी सरकत होतं. तळहात असावा. तो थांबला. भांडं पडलं, पत्र्याचं, गोल फिरत फिरत बराच वेळ वाजत राहिलं. थांब, बाबा त्या भांड्याला म्हणाले, थांब, आवाज करत राहा, सापडशील. भांडं थांबलं. "गेलं," बाबा म्हणाले. मग बऱ्याच वेळाने पुटपुटणं आलं. काडेपेटी इथं होती. इथंच होती. कोण हलवतं? घरात कोण आहे हलवायला? तूच हलवलीस, म्हाताऱ्या, सकाळी. मग पाणी ओतल्याचा आवाज, आणि ते ओतणं थांबायला हवं होतं तिथे थांबलं नाही, फरशीवर पाणी टपटपलं. पाय तसेच पुढे सरकले. त्यांना त्याची सवय झाली असावी. तौसीने आपला हात तोंडावर दाबून धरला. तिला रडायला येत होतं आणि त्याहीपेक्षा कुणाच्यातरी घरात न विचारता शिरल्याची भीती वाटत होती.

पाय परत स्टुलाजवळ आले. खुर्ची कुरकुरली. बाबा बसले असावेत. आणि मग अगदी स्वच्छ, फोनवर बोलायच्या आवाजात, जरा मोठ्याने, ते म्हणाले, "तौसी, खबर चांगली." तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते तिच्याशी बोलत नव्हते. "खबर चांगली, पोरी. एवढंच की." थांबले. घसा साफ केला. "सगळं चांगलं. घाबरायचं नाही. एवढंच की तुझ्या बापाला..." पुन्हा थांबले. "नको, असं नको." मग हसत हसत म्हणून बघितलं, गंमत सांगावी तसं. "अगं, एक मजा सांगायची राहिली. एवढंच की..." आणि हसू विरून गेलं. शुक्रवारची तयारी चालली होती. रिकाम्या घरात, कुणी ऐकत नाही अशी खात्री असतानाही, त्यांच्याच्याने ते दोन शब्द ओलांडवत नव्हते.

यापुढे ऐकणं तिला जमेना. बाबा, अशी हाक मारावी तर सगळंच त्यांना कळेल, की ती इतका वेळ इथे होती, भांड्यापासून होती. त्यांची मूठ अशी उचकटायची नव्हती तिला. पण गप्प राहणंही आता चोरीच होती. कुणाच्या घरात शिरताना माणसाने दारातून काय पुकारायचं असतं ते तिला बोलायला येण्याच्याही आधीपासून माहीत होतं, आणि तेच तिच्या तोंडून निघालं.

"होडी," ती म्हणाली. पाण्यातली होडी नव्हे; आत येऊ का, असं दारात उभं राहून विचारायची ती हाक.

तिकडे खुर्ची वाजली नाही.

"होडी," तिने जरा मोठ्याने म्हटलं. तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तर दारातून परत फिरायचं असतं. तिने छाती भरून घेतली. "होडीऽ!"

"करिबू!" बाबा दचकून म्हणाले, आणि लगेच त्यांच्या आवाजात असा काही आनंद आला की तौसीला तो सहन झाला नाही. "करिबू, करिबू. आलो. थांब हं, जाऊ नको, आलो." पाय सरकले, घाईने. स्टूल कशाला तरी आपटलं, फोन हलला. बाबा तिच्या आवाजाकडे न येता दाराकडे गेले. होडीची हाक दारातूनच येते, दुसरीकडून कशी येईल? कडी चाचपल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, मग ती निघाली. दार उघडलं. कावळे आत आले, वारा आला, लांबून कुणीतरी नावेचं लाकूड ठोकत होतं तेही आलं.

"करिबू, आत ये," बाबा दारात उभे राहून म्हणाले.

कावळे ओरडत राहिले.

"ये ना. मला दिसत नाही रे बाबा, अजिबात दिसत नाही आता. बोलून सांग कोण आहेस."

किती सहज म्हणाले. दारातल्या परक्याला, बिनचेहऱ्याच्या कुणालातरी, पाऊस पडून गेला म्हणावं तसं. तौसी फोन दोन्ही हातांनी धरून ओरडली, "मी आहे, बाबा, मी. एकटीच आहे." पण फोन स्टुलावर होता, बाबांची पाठ तिच्याकडे होती, आणि किल्व्यात वारा होता. ती पुन्हा म्हणाली. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई तिच्याकडे बघायला लागली.

"पोरं असतील," बाबा म्हणाले. मग बाहेर, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, "बरं, मी दार उघडंच ठेवतो. यायचं तेव्हा ये."

ती खाली आली तेव्हा वीज आलेली होती. पंखे फिरत होते आणि आंबेले दोन्ही डबे धुऊन पालथे घालत होता. तिने खुर्चीवरची पर्स घेतली, लॅपटॉप तिथेच राहू दिला. म्बागालाच्या स्टँडवरून किल्व्याची गाडी आता मिळते की नाही, तिला ठाऊक नव्हतं.

"नर्सबाईंचा फोन आला होता, पान दिसायला लागलं," आंबेले म्हणाला. मग त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "घरची काय खबर?"

"बाबांना दिसत नाही," तौसी म्हणाली. आधी चांगली म्हणायचं असतं हे तिला पहिल्या दोन पायऱ्या उतरल्यावर आठवलं. वर आंबेलेची पावलं वाजली. जिन्याच्या तोंडाशी येऊन, हातातला ओला डबा तसाच धरून तो उभा राहिला. तिने फोन कानाला लावला. तो चालूच होता. कावळे होते, वारा होता, लाकूड ठोकणं होतं. दार लावल्याचा आवाज अजून आला नव्हता.